फावशे

मार्चमध्ये शाळा संपली.
म्हणजे आमच्यासाठी संपली. ऋजुतासाठी
सात दहाची व्हॅन आली नाही, एवढंच.
अकरा दिवस ती दारात उभी, हातात डबा,
आणि बाराव्या दिवशी मला म्हणाली,
"यासीनकाकांचं घड्याळ बिघडलंय."

शाळेने निरोपाला एक फाइल दिली.
अठरा पूर्ण. यापुढे पालकांनी पाहावे.
अठरा वर्षं दुसरं काय करत होतो आम्ही?

तरी पाहिलं.
कारेलीबागेत एक संस्था, तिथे पणत्या रंगवतात.
अलकापुरीत दुसरी, तिथेही पणत्या, शिवाय मेणबत्त्या.
वाघोडिया रोडच्या बाई म्हणाल्या, आमचं वेगळं आहे,
आणि कागदी पिशव्या दाखवल्या.
बाई, दिवाळी चार दिवसांची.
उरलेलं वर्षभर या पोरांनी
कुठे उजेड पाडायचा?

संगणकाचा कोर्सही झाला.
टाइप करते, चूक सापडणार नाही,
पण ओळ संपली की मान वर : "एंटर दाबू?"
सर चांगले होते. सर एक होते, मुलं चौदा.

मग आमच्या वीज कंपनीतल्या परमारची बहीण,
रमीलाबेन, इस्पितळाच्या लाँड्रीत सुपरवायझर.
तळघर, वाफ, फिनेलचा वास,
चादरींचा ढीग माझ्या खांद्याइतका.
ऋजुताने नमस्कार केला नाही.
भिंतीकडे बघत एक चादर ओढली,
काठाला काठ लावला, सोडला, पुन्हा लावला.
आजवर मुलाखत घेणारे तिच्या तोंडाकडे बघत आले;
रमीलाबेन हातांकडे बघत होत्या.
मला म्हणाल्या, "एने फावशे?"

तीन पिढ्या बडोद्यात काढूनही
या शब्दाशी मी अडखळतो.
आपल्या मराठीत फावतं ते लबाडाचं,
नाहीतर वेळ असतो फावला.
इथे काम फावतं, गाव फावतं,
नव्या सुनेला सासर फावतं की नाही, तेही विचारतात.
जमेल का, असं नाही विचारलं त्यांनी. येतं का, असंही नाही.
तिला इथे बरं वाटेल का?
अठरा वर्षांत हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता.
मी म्हणालो, "फावशे,"
आणि घसा खाकरला, वाफेमुळे.

पहिल्याच आठवड्यात ड्रायरचा भोंगा वाजला
आणि ती टेबलाखाली, कानांवर हात.
रमीलाबेननी ओढलं नाही, कुरवाळलंही नाही.
रविवारी मी पक्कड घेऊन गेलो,
भोंग्याची वायर काढली, लाल दिवा जोडला.
तीस वर्षांच्या नोकरीत एवढं मन लावून
एक होल्डर बसवला नव्हता.
मंजुळाबेन अजून कुरकुरतात,
दिवा दिसत नाही, भोंगा बरा होता.
त्यांचंही खरं.

तासाला साठ चादरी हव्यात. ऋजुताच्या बावीस.
कागदावर ती 'ट्रेनी'; हातात दोन हजार दोनशे;
सहा महिन्यांनी बघू, म्हणालेत.
सुनंदा रात्री विचारते, बावीसवर किती दिवस ठेवतील?
मी पंख्याचा वेग वाढवतो.

घरी आता डबलबेडची चादर
मला एकट्याला घडी करायला मनाई आहे.
दोन टोकं ती माझ्या हातात देते,
दोन घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत मागे जाते.
चादर ताणली जाते, मधलं पोट सपाट होतं.
मग ती चालत येते, माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघत,
एका वितीवर थांबते,
माझ्या बोटांतून माझी टोकं काढून घेते
आणि वळते.
पुढच्या घड्यांना मी लागत नाही.